लोकसंख्येचा धडा व इचलकरंजीच्या शाळा

जून महिना लागला म्हणजे इचलकरंजीच्या बाजारांत दोन प्रकारची वर्दळ एकदमच दिसूं लागते. वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढें मुलांची व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींची दाटी असते. आणि त्याच सुमारास बसस्थानकावर, गांवाकडील लग्नसराई आटोपून मागावर परत येणाऱ्या कामगारांच्या ट्रंका व वळकट्या उतरत असतात. या दोन्ही गोष्टी आमच्या वाचकांच्या नित्याच्या पाहण्यांतल्या आहेत. परंतु त्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे, असें मात्र फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. तो संबंध आहे, व तो शाळेच्या वर्गांत उघड करून दाखविला पाहिजे, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

लोकसंख्यावाढ, स्थलांतर व शहरांतील गर्दी हे विषय शाळांत शिकविले जात नाहींत, अशी तक्रार कोणासही करतां यावयाची नाहीं. राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्प १९८० सालीं सुरू झाला, तेव्हांपासून भूगोल, नागरिकशास्त्र व विज्ञान यांच्या पुस्तकांतून हा विषय कोणत्या ना कोणत्या रूपानें मुलांपुढें येतच आहे. प्रश्न इतकाच कीं, तो कोणत्या रूपानें येतो, व तो शिकून मुलगा शाळेबाहेर पडला म्हणजे त्याच्या पदरीं काय उरतें?

गेल्या वर्षीं आमच्या ओळखीच्या एका यंत्रमागधारकाच्या मुलाची वही आमच्या हातीं आली. मुलगा नववींतला, अक्षर मोत्यासारखें. 'लोकसंख्यावाढीचे दुष्परिणाम लिहा' या प्रश्नाखालीं त्यानें बेकारी, प्रदूषण, झोपडपट्टी, पाणीटंचाई अशी सात कलमें क्रमानें लिहिलीं होतीं, आणि 'बाहेरून येणाऱ्या लोकांच्या लोंढ्यामुळें शहरांवर ताण पडतो' हें वाक्य तर तीन ठिकाणीं आलें होतें. आम्हीं त्यास सहज विचारलें, "तुमच्या कारखान्यांत कामाला कोण कोण आहे रे?" तो म्हणाला, "बिहारचे चौघे आहेत, ओडिशाचा एक, जॉबर इथलाच." "आणि तुझे आजोबा इथलेच काय?" "नाहीं, ते बनहट्टीहून आले, असें आजी सांगते." "मग लोंढ्यांत तूं कोणाकोणास धरलेंस?" मुलगा हंसला, परंतु उत्तर त्यास सुचेना. यांत त्याचा दोष नाहीं. पुस्तकांतील धडा कोठल्या तरी दूरच्या शहराविषयीं व कोणा तरी निनांवी माणसांविषयीं आहे, अशीच त्याची समजूत करून दिलेली होती. आपल्या घराच्या पडवींत वाजणाऱ्या मागाचा त्या धड्याशीं कांहीं संबंध असेल, हें त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें.

वस्तुतः इचलकरंजीचा इतिहास हा येणाऱ्यांचाच इतिहास होय. घोरपडे यांच्या जहागिरीचें हें गांव पंचगंगेच्या कांठीं वसलेलें. येथें १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग चालू केला, व जहागिरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं या धंद्यास उदार आश्रय दिला. पुढें माग वाढले तसे विणकर आले. विणकर वाढले तसे सूत विकणारे व कापड घेणारे आले. त्यांच्यामागून साईझिंगवाले, वहिफणी व कांडीचें काम करणारे, तागे वाहणारे हमाल, घरें बांधणारे गवंडी आणि या सर्वांस चहा पाजणारे हॉटेलवाले आले. कोष्टी कुटुंबें कर्नाटकाच्या सीमेपलीकडून आलीं, व्यापारी मारवाडांतून आले, मजूर प्रथम आसपासच्या खेड्यांतून व पुढें उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आले. आज येथें सव्वा लक्षाच्या आसपास माग असल्याचें नेहमीं सांगण्यांत येतें. ते सर्व 'मूळच्या' इचलकरंजीकरांनींच चालवावयाचे म्हटलें, तर गावभागांतील चार आळ्यांबाहेर हा धंदा कधींच गेला नसता.

हें केवळ कापडाचेंच झालें असें नव्हे. ज्यांच्यामुळें या गांवाचें नांव हिंदुस्थानभर गवयांच्या तोंडीं झालें, त्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं विद्या मिळविली, आणि मग ते येथें दरबारी गवई होऊन राहिले. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचेच शिष्य. जी गायकी आज महाराष्ट्र आपली म्हणून मिरवितो, ती एका माणसाच्या स्थलांतराचें फळ आहे. तिकडे मालेगांवीं पाहिलें तर १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं तेथील मागांचा धंदा भरभराटीस आणिला. माणूस गांव सोडतो तो पोटासाठीं, विद्येसाठीं किंवा जिवाच्या भयानें. आणि ज्या गांवीं तो जातो त्या गांवास बहुधा कांहीं देऊनच जातो. हा अर्धा भाग आमच्या धड्यांतून अजीबात गळाला आहे.

त्याची किंमत काय, हें २०२० सालीं आमच्या व्यापारी बंधूंनीं रोख मोजून पाहिलें आहे. त्या वर्षीच्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, खटखटणारे माग एका रात्रींत मुके झाले, आणि मे महिन्यांत विशेष गाड्यांनीं परप्रांतीय कामगार आपापल्या मुलखास निघून गेले. पुढें माग चालू करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां वीज होती, सूत होतें, पण माग चालविणारा हात नव्हता. पूर्वीं ज्यांस आपण 'लोंढा' म्हणत होतों, त्यांस परत बोलावण्यासाठीं पुष्कळांस खटपटी कराव्या लागल्या. हा अनुभव ज्या मुलांनीं डोळ्यांनीं पाहिला, त्यांस स्थलांतराचा धडा पुस्तकांतून पाठ करावयास लावणें म्हणजे विहिरीच्या कांठीं बसून पाण्याचें वर्णन घोकण्यासारखें आहे.

आतां आंकड्यांकडे वळूं. कारण या विषयांत भावनेपेक्षां हिशेब अधिक उपयोगी पडतो. १९९१ च्या जनगणनेंत इचलकरंजीची वस्ती सुमारें २ लक्ष १५ हजार होती. २००१ सालीं ती सुमारें २ लक्ष ५७ हजार झाली. आणि २०११ सालीं २ लक्ष ८७ हजार. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत शेंकडा सुमारें २० आणि दुसऱ्या दहा वर्षांत शेंकडा सुमारें १२ अशी वाढ झाली. या दुसऱ्या दशकांत सबंध महाराष्ट्राची वाढ शेंकडा १६ होती. ज्या शहरास आपण गर्दीनें फुटूं लागलेलें समजतों, तें प्रांताच्या मानानें सावकाश वाढलें, हें ऐकून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. मग गर्दी दिसते ती कां? एक कारण उघड आहे. गांवाच्या हद्दींत जागा महागली तशी घरें व कारखाने कबनूर, कोरोची, यड्राव, चंदूर, तारदाळ या बाजूंस पसरले. माणसें हद्दीबाहेर निजतात व हद्दीच्या आंत राबतात. त्यांचा भार रस्त्यावर पडतो, परंतु खानेसुमारींत ती दुसऱ्या गांवच्या नांवावर चढतात. हें कोडें नववींतील मुलापुढें टाकलें, तर तें तो आनंदानें सोडवील. पण त्यापुढें तें टाकतो कोण?

दुसरी गोष्ट जन्मांच्या प्रमाणाची. आमच्या पिढीनें जी लोकसंख्येची धास्ती घेतली, ती त्या काळीं निराधार नव्हती. १९५१ सालीं देशाची वस्ती ३६ कोटि होती, ती २०११ सालीं १२१ कोटि झाली; आणि २०२३ सालीं हिंदुस्थाननें चीनलाही मागें टाकल्याचें संयुक्त राष्ट्रसंघानें आपल्या अंदाजांत सांगितलें. परंतु याच काळांत घराघरांत काय पालट झाला, तो पहा. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील स्त्रीमागें सरासरीनें जवळजवळ तीन मुलें पडत होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत ती सरासरी १.७ वर आली, व सबंध देशाची २ वर. लोकसंख्या आहे तेवढी कायम राहण्यास हें प्रमाण २.१ असावें लागतें. म्हणजे महाराष्ट्रांतील पाळणे आतां त्या रेषेच्या खालीं गेले आहेत. तरीही कांहीं काळ संख्या वाढतच राहते. कारण पूर्वीं जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज वयांत आलेल्या असतात. उतारावर घोडें आवरलें, तरी गाडी चार पावलें पुढें जातेच. ही साधी गोष्ट मुलांस समजावून न देतां 'स्फोट, स्फोट' म्हणून त्यांस भिवविणें, हें शिक्षण नव्हे.

याच संबंधांत आणखी एक आंकडा आमच्या वाचकांपुढें ठेवितों. २०११ च्या जनगणनेंत आपलें पूर्वीचें ठिकाण सोडून दुसरीकडे राहावयास गेलेल्या लोकांची संख्या ४५ कोटींहून अधिक भरली. म्हणजे दर तीन माणसांत एकाहून जास्त. हे इतके लोक कोण? त्यांत सर्वांत मोठा भरणा लग्न होऊन सासरीं गेलेल्या स्त्रियांचा आहे. शिरोळ तालुक्यांतून किंवा निपाणीहून इचलकरंजींत नांदावयास आलेली आपली सूनबाई ही सरकारी दप्तरांत स्थलांतरितच आहे! स्थलांतराचा धडा मुलास आपल्या आईपासून आरंभतां येतो. तिनें भाषा, शेजार, पाणी, चाली सर्व बदलून नवें घर आपलें केलें. तें एकदां त्याच्या ध्यानांत आलें, म्हणजे ओडिशाहून आलेल्या माणसाच्या अडचणी त्यास परक्या वाटणार नाहींत.

भिवविण्याचें शिक्षण कोठें नेऊन सोडतें, हें या प्रांतानें एकदां पाहिलें आहे. संततिनियमनाचा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत त्यासाठीं केंद्र उघडलें, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक हालअपेष्टा सोसून चालविलें. त्यांची सर्व भिस्त समजुतीवर व स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेवर होती. त्यांस लोकांनीं शिव्या दिल्या, नोकरी गेली, खटले झाले. स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला, तो याच विचाराचा उशिरा झालेला विजय होता. परंतु पुढें घाई झाली. १९७६ सालीं आणीबाणींत महाराष्ट्र विधिमंडळानें सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायदा झालें नाहीं, ही ईश्वरकृपाच म्हणावयाची. देशभर त्या दोन वर्षांत जी सक्ति झाली, तिनें या चांगल्या कार्याचें नांव लोकांत इतकें वाईट केलें कीं, तें सांवरण्यास फार काळ जावा लागला. माणूस म्हणजे नुसता आंकडा, अशी दृष्टि एकदां झाली कीं त्या आंकड्यावर काट मारण्यास हात चळतो. मुलगी शिकली, तिचें लग्न उशिरा झालें, तिचीं मुलें जगलीं, म्हणजे कुटुंब आपोआप लहान होतें. हा मार्ग सक्तीपेक्षां सावकाश खरा, पण महाराष्ट्रांत यशस्वी झाला आहे तो हाच.

असो. आतां गर्दीकडे येऊं. इचलकरंजीस 'महाराष्ट्राचें मँचेस्टर' म्हणण्यांत आम्हांस मोठा अभिमान वाटतो. परंतु मूळ मँचेस्टरचें नांव जगांत दोन गोष्टींनीं गाजलें, हें आम्ही विसरतों. एक तेथील कापड. आणि दुसरी तेथील मजूरवस्त्यांची दैना, जिचें वर्णन फ्रेडरिक एंगल्स यानें १८४५ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें. मुंबईनेंही हा अनुभव घेतला. गिरण्या वाढल्या, चाळी दाटल्या, सांडपाण्याची व्यवस्था झाली नाहीं, आणि १८९६ सालीं प्लेग शिरला, तेव्हां लोक वाट फुटेल तिकडे पळाले; १८९१ सालीं सव्वाआठ लक्षांच्या घरांत असलेली मुंबईची वस्ती १९०१ सालीं पावणेआठ लक्षांवर उतरली. लोक आले यामुळें शहर आजारी पडत नाहीं. आलेल्या लोकांसाठीं पाणी, गटार व घर यांची तजवीज आधीं केली नाहीं, म्हणजे तें आजारी पडतें.

आमच्या गांवीं हें सांगावयास मुंबईस जाणें नलगे. २०१२ सालच्या उन्हाळ्यांत येथें काविळीची जी साथ आली व जिनें कित्येक कुटुंबांतील माणसें नेलीं, ती पाण्याची साथ होती. पंचगंगा आमच्या दारांतून वाहते. परंतु वरच्या गांवांचें व कारखान्यांचें घाण पाणी घेऊन ती येते, आणि आमचें घेऊन खालीं शिरोळच्या गांवांकडे व नरसोबाच्या वाडीकडे जाते. म्हणून शहरानें दुसऱ्या नद्यांकडे हात पसरला. वारणेवरून पाणी आणावें तर दानोळीचे गांवकरी विरोधास उभे राहिले. दूधगंगेवरून सुळकूडहून आणावें तर कागल तालुक्यांतील शेतकरी उठले. आम्हीं येथें कोणाचें वकीलपत्र घेतलेलें नाहीं. तहानलेल्या शहराचें म्हणणें खरें आहे, आणि ज्याचा ऊस त्याच नदीवर उभा आहे त्या शेतकऱ्याची भीतिही खोटी नाहीं. परंतु आमच्या शाळांतून हा वाद किती मुलांस दोन्ही बाजूंनीं मांडतां येईल? मोर्चांत ओरडणें त्यांस येतें. प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेणें त्यांस कोणीं शिकविलेलें नाहीं. आणि उद्यां नगरसेवक, सरपंच, कारखानदार व्हावयाचे ते याच मुलांतून.

आधीं योजना करून गांव वसवितां येतें, याचाही दाखला हाकेच्या अंतरावर आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या नांवें जयसिंगपूर वसविलें. तेथील सरळ, एकमेकींस काटकोनांत छेदणाऱ्या गल्ल्या आजही जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. एका रविवारीं शिक्षकांनीं मुलांस जयसिंगपुरांतून हिंडवून आणावें, व दुसऱ्या रविवारीं आमच्या गावभागांतून व शहापुराच्या बाजूनें न्यावें. मग 'नगररचना' या शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज पडणार नाहीं.

आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. प्रत्येक शाळेनें हा विषय आपल्या गल्लीपासून आरंभावा. प्रत्येक मुलानें आपल्या घरच्या तीन पिढ्यांची हकीकत वडील माणसांस विचारून लिहावी: कोण कोठून आलें, कशासाठीं आलें, प्रथम कोठें राहिलें, कोणीं आसरा दिला, आई व आजी यांचीं माहेरें त्यांत अवश्य यावीं. मग सर्वांची मिळून एक नकाशा काढावा, व ज्या ज्या गांवाहून कोणी आलें तेथून इचलकरंजीपर्यंत रेघ ओढावी. दुसरें, गणिताच्या तासास जनगणनेचे आंकडे घ्यावेत. शेंकडेवारी सोडविण्यास नफा-तोट्याचींच उदाहरणें लागतात, असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. तिसरें, पाण्याचा माग काढावा: नळाला येणारें पाणी कोठून उपसतात, कोठें शुद्ध करतात, किती दिवसांनीं येतें, आणि वापरलेलें पाणी कोठें जातें. चवथें, वर्गाचे दोन पक्ष करून एकास शहराची व दुसऱ्यास नदीकांठच्या गांवाची बाजू मांडावयास द्यावी, आणि पुढल्या आठवड्यांत त्यांच्या बाजू उलट कराव्या. यास पैसा लागत नाहीं. शिक्षकाचा उत्साह लागतो. एक सावधगिरी मात्र हवी. कोणाच्या घरीं किती माणसें एका खोलींत राहतात, कोणाच्या घरीं शौचकूप नाहीं, हें वर्गांत नांवनिशीवार वाचून दाखवूं नये. गरिबीची मोजणी करतांना गरिबाची लाज राखली पाहिजे.

शिक्षकांविषयीं एक गोष्ट विशेषच सांगण्यासारखी आहे. या देशांतील खानेसुमारीचें काम बहुतांशीं प्राथमिक शिक्षकच करीत आले आहेत. २०२१ ची जनगणना पुढें ढकलली गेली, आणि ती २०२७ सालीं घेण्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. ज्या मास्तरांनीं दारोदार हिंडून माणसें मोजावयाचीं, त्यांच्याहून लोकसंख्येचा धडा अधिकारानें कोण शिकवील? १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणें एकेका घराची माहिती गुप्त ठेवावयाची असते, ती कोणास दाखवितां येत नाहीं व कोर्टांत पुराव्यांतही येत नाहीं. हेंही मुलांस सांगावें; सरकार विचारतें तें कशासाठीं, आणि त्यास मर्यादा कोणत्या, हें कळणें हाच नागरिकत्वाचा पहिला धडा होय. हें काम शिक्षकांच्या गळ्यांत एक जादा बोजा म्हणून पडतें. तें शिकविण्याचें साधन झालें, तर त्या वणवणीचें थोडें तरी सार्थक होईल.

यावर कोणी म्हणतील, अभ्यासक्रम आधींच फुगला आहे, त्यांत ही भर कशास? आम्ही भर घालावयास सांगतच नाहीं. जो धडा आहे तोच जिवंत करावा, एवढेंच मागणें आहे. दुसरे कोणी म्हणतील, बाहेरच्यांचा कळवळा शिकविल्यानें येथल्या मुलांच्या नोकऱ्यांचें काय? हा प्रश्न खरा आहे, व तो टाळण्यांत अर्थ नाहीं. बारा-बारा तासांच्या पाळीचें, सुताच्या धुळींत उभ्यानें करावयाचें काम येथील तरुण कां पत्करीत नाहीं, याचें उत्तर मजुरीच्या दरांत व कारखान्याच्या हवेंत शोधिलें पाहिजे. बिहारी माणसाच्या तोंडाकडे पाहून तें सांपडणार नाहीं. शिवाय कायद्याचें म्हणाल, तर भारताच्या कोणत्याही भागांत फिरण्याचा व राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास दिला आहे. त्याच हक्कावर आमचे मराठी लोक बडोद्यास, इंदुरास, बेंगळूरास व हैदराबादेस सन्मानानें राहतात. एकाच नाण्याची आपणांस हवी तेवढीच बाजू चालवूं म्हटलें, तर बाजारांत तें नाणें खोटें ठरतें.

आतां सर्वांत मोठी उणीव. स्थलांतराचा हा धडा ज्या मुलांच्या आयुष्यांत लिहिला आहे, तींच पुष्कळ वेळां वर्गांत नसतात. मागावरील कामगार कुटुंब घेऊन आला, तर त्याचीं मुलें घरीं हिंदी किंवा ओडिया बोलतात, शाळेंत मराठी ऐकतात, आणि दाखला नाहीं म्हणून दारांतूनच परततात. ऊसतोडीचा हंगाम आला कीं बीडकडील टोळ्या या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या भोंवतीं उतरतात. त्यांचीं मुलें दिवाळीनंतर आपली शाळा सोडतात, तीं उन्हाळ्यांत परत जातात, तोंपर्यंत वर्ष हातचें गेलेलें असतें. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास वयाप्रमाणें वर्गांत घेण्याचें बंधन घातलें आहे. जुन्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला, किंवा वयाचा पुरावा नाहीं, या सबबीवर प्रवेश नाकारतां येत नाहीं. कायदा इतका स्पष्ट आहे. पण ज्याच्यासाठीं केला त्यास तो ठाऊक नाहीं, आणि ज्यास ठाऊक आहे त्यास त्याची गरज नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार आहेत, त्यांनीं येत्या आठवड्यांत एवढेंच विचारावें: 'तुझीं मुलें येथें आहेत काय, आणि तीं कोणत्या शाळेंत जातात?' उत्तर 'जात नाहींत' असें आलें, तर त्या मुलाचा हात धरून जवळच्या शाळेंत नेऊन बसविण्यास अर्धा तास पुरतो.

हें आम्ही कांहीं नवें सांगत नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्याच्याही आधीं, खेड्यांतून विद्येसाठीं कोल्हापुरास येणाऱ्या मुलांकरितां त्यांनीं जातीजातींचीं वसतिगृहें उघडलीं. गांव सोडून आलेल्यास प्रथम छप्पर लागतें, मग पाटी, हें त्यांनीं ओळखिलें होतें. त्याच भूमीवर आज शंभर वर्षांनंतर, सव्वा लक्ष मागांच्या शहरांत, मागावर राबणाऱ्याचें मूल दाराबाहेर उभें राहावें, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाहीं.

२०२२ सालीं इचलकरंजीची महानगरपालिका झाली. नांव मोठें झालें. आतां मन मोठें होण्याची वेळ आहे. नव्या वर्षाच्या वह्या आतां उघडतील. त्यांत 'लोकसंख्यावाढीचे दुष्परिणाम लिहा' याऐवजीं 'आपल्या गल्लींत कोण कोठून आलें, व त्यांस काय कमी पडतें, तें लिहा' असा प्रश्न एखाद्या मास्तरांनीं घातला, आणि तो सोडविण्यास कोष्ट्याचा नातू व बिहारी मजुराची मुलगी एका बांकावर बसलीं, तर या विषयावर आम्हांस पुन्हां लेखणी उचलावी लागणार नाहीं.